पावडर कोणती, त्याआधी तपासणी किती वाजता?

मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी ठरली की जुन्नर-आंबेगावच्या पेशंटला धास्ती बसते ती दुर्बिणीची नव्हे, पोट साफ करायच्या पावडरीची. दोन लिटर खारट पाणी प्यायचं आणि मग संडासला खेपा घालायच्या. ‘यापेक्षा सोपं काही नाही का?’ हा प्रश्न ठरलेला.

आहे, पण जपून. पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या पावडरीने (पेग्लेक त्यातलीच) शरीरातलं पाणी आणि क्षार फारसे ढळत नाहीत. म्हणून म्हाताऱ्या आणि किडनीच्या रुग्णांना सहसा तीच देतात. सल्फेटचं औषध थोडं असतं, पण त्यावर साधं पाणी भरपूर प्यावं लागतं. सोडियम फॉस्फेटची छोटी बाटली सगळ्यात सोयीची वाटते. मात्र तिने काहींच्या किडनीला कायमची इजा झाली आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये कडक इशारा दिला. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या आजोबांसाठी ती मेडिकलमधून परस्पर आणू नका.

माझ्या मते खरा घोळ वेळेचा आहे. अर्धं औषध आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या चार ते सहा तास आधी घेतलं, तर आतडं जास्त स्वच्छ होतं. सगळं रात्रीच उरकलं, तर सकाळपर्यंत लहान आतड्यातून उतरलेला स्राव उजव्या बाजूला थर धरतो आणि त्याखाली छोटी गाठ लपते. आता पुण्यात सकाळी आठची वेळ मिळालेल्या नारायणगावच्या माणसाने काय करावं? पहाटे तीनला लिटरभर पाणी पिऊन एसटीत बसावं, आणि चाकणच्या कोंडीत कळ आली तर? म्हणून तो दुसरा डोस गुपचूप टाळतो. पोट साफ नाही म्हणून तपासणी पुन्हा करावी लागली, की दोष मात्र त्याच्या माथी.

दुपारी एकची वेळ असेल, तर सातला प्यायला बसून आठपर्यंत संपवता येतं, संडासच्या खेपा थांबल्यावर दहाच्या सुमारास निघता येतं. डिंभे धरणाच्या पलीकडच्यांनी मात्र आदल्या दिवशीच पुण्यात नातेवाइकांकडे मुक्कामाला जावं.

आदल्या दिवशी भाकरी, पालेभाजी, बियांचा टोमॅटो बंद. मऊ भात, शहाळ्याचं पाणी चालतं. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं काय करायचं, ते डॉक्टरांनाच विचारा. आणि तपासणीची वेळ घेताना आधी गावाचं नाव सांगा, मग दुपारची वेळ मागा.