चरित्रग्रंथ पारखावा कसा?

लोकप्रिय कलावंताचीं चरित्रें पुष्कळ निघतात. परंतु त्यांतील कोणतें मुलांच्या हातीं द्यावें, हें वडीलधाऱ्यांनीं पाहिलें पाहिजे. येथें बालगंधर्वांचें उदाहरण घेऊं.

नारायणराव राजहंस, गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस या तिघांनीं १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. पुढें टेंबे व बोडस दोघेही बाहेर पडले. बोडसांचें 'माझी भूमिका' १९४० सालीं आणि टेंब्यांचें 'माझा जीवनविहार' १९४८ सालीं प्रसिद्ध झालें. प्रत्यक्ष पाहणाराची साक्ष म्हणून हीं पुस्तकें अमोल आहेत. तथापि फुटलेल्या भागीदारीची हकीकत भागीदारच सांगत असतां ती एकपक्षी असूं शकते. नैयायिकांच्या मतें आप्त म्हणजे केवळ जवळचा नव्हे, तर यथार्थ बोलणारा. म्हणून दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचावीं, व जेथें दोघांचें जुळतें तेथें विश्वास ठेवावा.

नंतरच्या चरित्रकारांस तीन प्रश्न विचारावे. 'बालगंधर्व' हें नांव लोकमान्यांनीं दिलें, ही कथा सर्वच सांगतात. पण ती कोणाच्या साक्षीवरून, हें लेखक सांगतो काय? मार्च १९११ मध्यें 'मानापमाना'च्या पहिल्या प्रयोगाच्या वेळीं कन्येच्या मृत्यूचें दुःख गिळून नारायणराव रंगभूमीवर उभे राहिले. त्या प्रसंगीं कोणीं न ऐकलेले संवाद तो रचतो काय? आणि मंडळीचें कर्ज व गोहरबाई कर्नाटकी यांच्याशीं झालेला विवाह या गोष्टी तो सरळ सांगतो कीं चोरून पुढें जातो?

तिसरा प्रश्न आपल्यासारख्या कुटुंबांस विशेष लागू आहे. सोज्वळपणासाठीं गोहरबाईंचें नांव गाळलेलें चरित्र आपणांस बरें वाटतें. परंतु अशानें ज्या बाईंनीं नारायणरावांच्या पडत्या काळांत साथ दिली, त्यांच्यावर अन्याय होतो, आणि मुलेंही थोरांचें जीवन म्हणजे नुसती आरती असें समजूं लागतात.

अभिराम भडकमकरांची 'असा बालगंधर्व' ही कादंबरी, किंवा २०११ सालचा 'बालगंधर्व' चित्रपट, यांचा आस्वाद अवश्य घ्यावा. मात्र त्यांस इतिहास मानूं नये. आपण नागपूरकरांनीं ते प्रयोग पाहिले नाहींत. आपल्यापाशीं उरल्या त्या ध्वनिमुद्रिका. आधीं त्या मुलांस ऐकवाव्या. ज्या पुस्तकानंतर तेंच गाणें अधिक कळूं लागेल आणि माणूसही माणूसच राहील, तें पुस्तक घरांत ठेवण्यास योग्य होय.