सत्र संपल्यावर मुलांनी जायचे कुठे?

दिवाळीचे व्हेकेशन संपून शाळा पुन्हा भरली. पहिल्या दिवशी वर्गावर्गांतून फिरताना आम्ही दरवर्षीचाच प्रश्न विचारला, "सुट्टीत कुठे कुठे जाऊन आलात?" उत्तरेही दरवर्षीचीच मिळाली. कुणी पुण्याला आजोळी, कुणी नाशिकला काकांकडे, कुणी कुठेच नाही, पण किल्ला मात्र झक्क झाला. सातवीतील एक मुलगी तेवढी गप्प होती. तिला पुन्हा विचारले तेव्हा म्हणाली, "बाई, दादा आला नाही. त्याची परीक्षा होती." दादा म्हणजे आमचाच माजी विद्यार्थी, सध्या कॅनडात शिकणारा.

त्या मुलीच्या उत्तराने आम्हाला हा लेख लिहायला बसवले.

परदेशातील सत्रांचे वेळापत्रक आपल्या सणावारांना जुळणारे नसते, हे आपण ऐकून असतो, पण त्याचा अर्थ काय ते ध्यानात घेत नाही. आपण फराळाची ताटे भरत असतो तेव्हा अमेरिका-कॅनडातील मुले सत्राच्या मध्यावरच्या परीक्षा देत असतात. त्यांचे सत्र संपते डिसेंबरच्या मध्यास. त्या वेळी इकडे शाळा चालू, आईवडील नोकरीवर, धाकट्या भावंडाची बोर्डाची तयारी. विमानाचे भाडे वर्षातले सर्वांत चढे. मग घरात ठरते, "तीन आठवड्यांसाठी कशाला येतोस? उन्हाळ्यात ये." निर्णय चुकीचा नसतो. पण तो घेतल्यावर त्या तीन आठवड्यांचे काय, हे विचारायचे राहून जाते.

ते तीन आठवडे कसे असतात, हे माजी विद्यार्थ्यांनी आम्हाला वेळोवेळी सांगितले आहे. सत्राचा शेवटचा आठवडा अगदी गजबजलेला असतो. ग्रंथालय रात्रभर उघडे, डोळे लाल, एकमेकांना कॉफी आणून देणे, कुणी टेबलावरच डोके टेकलेले. आमची एक माजी विद्यार्थिनी म्हणाली, "बाई, पेपर चालू होते तोवर घराची आठवण यायला सवडच नव्हती. शेवटचा पेपर दिला, खोलीवर आले, आणि व्हरांड्यातून बॅगांच्या चाकांचा आवाज सुरू झाला. दोन दिवस तो आवाज चालला. तिसऱ्या दिवशी माझ्या मजल्यावर मी एकटी." काही वसतिगृहे तर सुट्टीत पूर्ण बंद होतात आणि मुलांना खोल्या रिकाम्या कराव्या लागतात. मेस बंद. लंडनमध्ये २५ डिसेंबरला बस नाही आणि भुयारी रेल्वेही नाही, दुपारी चारच्या सुमारास अंधार. ज्या मुलाने उभ्या जन्मात रावपुऱ्यातली वर्दळ सोडून दुसरे काही पाहिले नाही, त्याला ही शांतता किती मोठी वाटत असेल?

आणि याच शांततेत घरून फोन येतो. टोरांटोत रात्रीचे दहा वाजलेले असतात, तेव्हा डिसेंबरात बडोद्याला सकाळचे साडेआठ होतात. आई डबा भरता भरता बोलते, बाबा स्कूटर काढता काढता. "पेपर कसे गेले? ग्रेड कधी लागणार? जेवलास का?" मुलगा म्हणतो, "जेवलो." कुणाबरोबर जेवलास, हे कुणी विचारत नाही.

पालकांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. शाळेत येणाऱ्या पालकांची तयारी आम्ही पाहतो. अलकापुरीतल्या आणि सयाजीगंजातल्या व्हिसा सल्लागारांच्या पायऱ्या झिजवून त्यांना फी, बँकेतली शिल्लक, कर्जाचे व्याज, इंग्रजीच्या परीक्षेचे गुण, सगळे तोंडपाठ झालेले असते. बॅगेत खाखरे, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कुकर, सारे मोजून भरलेले. प्रवेशापर्यंतची वाट आपल्या समाजाला आता चांगली ठाऊक झाली आहे. सत्र संपल्यावरची वाट मात्र अजून कुणी दाखवत नाही.

त्यात पैशाचा प्रश्न मिसळतो, आणि याविषयी आम्हाला थोडे परखड बोलायचे आहे. एका पालकांनी आमच्या समोरच मुलाला फोनवर सांगितले, "आता सुट्टी आहे ना, मग डबल शिफ्ट कर, दोन हप्ते निघतील." कर्जाचा हप्ता कुणाला चुकत नाही, हे खरे. पण सुट्टीत किती काम करता येते, हे प्रत्येक देशाचे वेगळे आहे. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून सत्र चालू असताना कॉलेजच्या बाहेर आठवड्याला २४ तासांची मर्यादा आहे. नियमित सुट्टीत पूर्णवेळ काम चालते. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून सत्रात पंधरवड्याला ४८ तास, सुट्टीत बंधन नाही. इंग्लंडमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्रात आठवड्याला २० तास आणि सुट्टीत पूर्णवेळ; परंतु एक वर्षाच्या मास्टर्सला गेलेल्याचा उन्हाळा प्रबंधाचा असतो, म्हणून तो सुट्टी धरला जात नाही. इथेच पुष्कळ जण फसतात. अमेरिकेत तर सुट्टी असो वा सत्र, परवानगीवाचून विद्यापीठाच्या आवाराबाहेर काम करताच येत नाही. मर्यादा ओलांडली तर शिक्षणच धोक्यात येते. हे नियम बदलत असतात, तेव्हा जाताना पुन्हा पाहून घ्यावे. पण "सुट्टीत कमावशील" हा आकडा हिशेबात धरून मुलाला पाठवू नये, एवढे आम्ही आग्रहाने सांगू. सहा महिने जागून अभ्यास केलेल्या पोराला सुट्टीचे चार दिवस झोपू द्यावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सुट्टीत राहायचे कुठे आणि जेवायचे कुणाबरोबर?

आपल्या लोकांना हा प्रश्न नवा नाही. जुन्या काळी शिकायला शहरात आलेला गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. घरमालकिणीला एक पान वाढले तर जड होत नसे, आणि मुलाचा आठवडा निघे. बडोद्यातील कित्येक जुन्या घरांत "आमच्याकडे अमक्याचा वार होता" हे आजही अभिमानाने सांगतात. सांगावेच. पण त्या अभिमानात एक गोष्ट झाकली जाते: वार बहुधा जात पाहून मिळत असे.

परदेशी शिकायला गेलेल्या दोन मराठी विद्यार्थ्यांची उदाहरणे यासाठी आठवतात. आनंदीबाई जोशी १८८३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. कॉलेज ऑक्टोबरात सुरू व्हायचे होते. वय अठरा, नवरा बरोबर नाही, ओळखीचे कुणी नाही. त्यांना न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटर बाईंनी आपल्या घरी ठेवून घेतले. ना नात्याच्या ना धर्माच्या, नुसत्या पत्रातून ओळख झालेल्या. आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, त्यामागे त्यांच्या जिद्दीइतकेच ते रोझेलचे घरही होते, असे आम्ही मानतो. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाकडे अमेरिकेत पाठवण्यात आल्या आणि त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या.

दुसरे उदाहरण आपल्या गावचे आहे आणि ते सांगताना मान खाली जाते. महाराजा सयाजीरावांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुणास दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. तिथे नवल भथेना या पारशी मित्राबरोबर एकाच वसतिगृहात ते राहिले, आणि ती मैत्री पुढे टिकली. पुढे लंडनला अभ्यास चालू असतानाच १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना परतावे लागले. वेगळ्या जहाजाने पाठवलेली पुस्तके पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत समुद्रात बुडाली. करार पाळण्यासाठी ते सप्टेंबरात बडोद्याला रुजू झाले. इथे त्यांना राहायला जागा मिळेना. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत उतरले. काही दिवसांनी जात कळल्यावर लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. दोन मित्रांना विचारले, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. मग मुंबईची रात्रीची गाडी येईपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत काढले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. सयाजीबागेतील ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. आमच्या शाळेतील बहुतेक मुलांनी त्या बागेतल्या छोट्या रेल्वेत बसून चक्कर मारलेली आहे. संकल्पभूमीवर जाऊन किती जण उभे राहिले, हे आम्ही प्रार्थनेच्या वेळी विचारले होते. हात फारच थोडे वर आले. ती चूक आमची, मुलांची नव्हे. या वर्षीच्या सहलींत ती दुरुस्त होईल.

बडोद्याने शिष्यवृत्ती दिली, पण खोली दिली नाही. परक्या देशात चार वर्षे कुणी जात विचारली नाही, आणि ज्या गावाच्या पैशाने शिकले त्या गावात, आपल्या मराठी घरांनी भरलेल्या गावात, एक दार उघडले नाही.

इथे एक स्वतःची आठवण सांगितली तर वाचक क्षमा करतील. आमचे पदवीचे शिक्षण इंदूरला हिंदी माध्यमातून झाले. एका दिवाळीत घरी जाण्याजोगे भाडे नव्हते. वसतिगृह ओस पडले, मेसला कुलूप लागले. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या महाराजिन स्वतः येऊन म्हणाल्या, "बिटिया, छुट्टी कॉलेज की होती है, पेट की नहीं," आणि आपल्या घरी घेऊन गेल्या. दोन खोल्यांचे घर, सहा माणसे. तीन दिवस आम्ही त्यांच्या मुलींबरोबर पणत्या लावल्या. पदवीच्या त्या वर्षी काय शिकवले ते आज फारसे आठवत नाही, पण त्या घरची भेंडीची भाजी आठवते.

म्हणून शाळेच्या विश्वस्तांपुढे आम्ही एक सूचना ठेवली आहे. आपले माजी विद्यार्थी आज इंग्लंड, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियात स्थिरावले आहेत. संमेलनाला येतात, देणग्या देतात, संगणककक्षाला त्यांच्यामुळे नवे रूप आले. त्यांच्याकडे या वर्षी देणगी मागू नये. वार मागावा. डिसेंबरच्या सुट्टीत आपल्या गावाजवळ शिकणाऱ्या शाळेच्या एका मुलाला वा मुलीला दोन-चार दिवस घरी बोलवावे, जमत नसेल तर एक वेळचे जेवण. आडनाव विचारायचे नाही. या शाळेत शिकला एवढी ओळख पुरे. लंडनला १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे, इतर देशांतही मंडळे आहेत, त्यांचे कार्यक्रम होतातच. पण नाट्यगृहातल्या कार्यक्रमानंतर मुलगा परत त्याच रिकाम्या मजल्यावर जातो. घर ते घर.

एका विश्वस्तांनी विचारले की बारावीनंतर शाळेची जबाबदारी संपते, मग हा व्याप कशाला? प्रश्न रास्त आहे. शाळेला कारकून एकच, आणि तोही वार्षिक संमेलनाच्या कामात. शिवाय परक्या घरी मुलीला पाठवायचे तर पालकांना काळजी वाटणारच. म्हणून दोन्हीकडच्या पालकांशी शाळा आधी बोलेल आणि ज्यांना शाळा प्रत्यक्ष ओळखते त्यांचीच नावे घेईल. यात काम आहे. पण प्रवेश मिळाल्यावर त्या मुलांचे फोटो आपण फलकावर लावतो, या वार्तापत्रात छापतो, त्यांच्या नावावर नवे प्रवेश मिळवतो. फोटोपुरती ती आपली आणि डिसेंबरात ती आपली नाहीत, असे कसे चालेल?

पालकांना एकच विनंती. पुढच्या वर्षी ज्यांची मुले जाणार आहेत त्यांनी प्रवेशपत्र हातात आल्यावर वसतिगृहाला दोन ओळी लिहून विचारावे: सुट्टीत खोली ठेवता येते का, जेवणाची सोय असते का. आणि फोनवर ग्रेड विचारायच्या आधी आज कुणाशी बोललास, एवढे विचारावे. नववी-दहावीच्या मुलांसाठी शनिवारच्या कार्यानुभवाच्या तासात आम्ही वरण-भात, एक भाजी आणि पोळी सुरू करतो आहोत, मुलांनाही आणि मुलींनाही. हसू नका, एका पोळीला भारताचा नकाशा म्हणायचे की ऑस्ट्रेलियाचा, यावर आठवीत वाद झालेला आहे.

वारांची नोंदवही कचेरीत ठेवली आहे. आजवर पाच घरांची नावे आली आहेत, त्यांपैकी तीन इंग्लंडची. कॅनडातून अजून एकच आहे आणि सर्वांत जास्त मुले तिथेच आहेत, तेव्हा तिकडच्या माजी विद्यार्थ्यांचे पत्ते ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते लवकर कळवावेत. सातवीतल्या त्या मुलीच्या दादाचे नाव यादीत पहिले लिहिले आहे. लेस्टरच्या एका ताईंनी एक अट घातली आहे: येणाऱ्याने मेतकूट आणावे.