पाय ठेवायला जागा

आम्हा नागपूरकरांची आणि पाण्याची गाठ मोठी चमत्कारिक. मे महिन्यात ते नळाला येता येत नाही, आणि 2023 च्या सप्टेंबरात अंबाझरीचे आले तसे कधी न बोलावता थेट घरात शिरते. समुद्र म्हणाल तर मुंबईच्या चौपाटीवर, भेळेच्या साक्षीने, घोट्यापर्यंत!

माझी तर तेवढीही ओळख नव्हती. मी दहा वर्षांचा असताना थोरला भाऊ तलावावर पोहायला गेला, तो परत आला नाही. आईने त्या दिवशी मला पाण्याची शपथ घातली. पुढे आई गेली, मी आजोबा झालो. शपथ तशीच राहिली.

गेल्या जानेवारीत चौदा वर्षांचा नातू म्हणाला, "आजोबा, मालवणला जाऊ. समुद्राच्या आत पाहायचंय."

"ह्या वयात काय डुबक्या मारून राहिले तुम्ही?" स्वयंपाकघरातून प्रश्न आला. आवाजात थट्टा नव्हती. तिला सारे ठाऊक होते. नातवाला काहीच ठाऊक नव्हते. न सांगितलेल्या भीतीचा वारसा त्याला द्यावा, हे मला पटेना.

कुडाळला उतरून मालवण गाठले. 1664 साली शिवाजीमहाराजांनी बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग समोर पाण्यात उभा होता. त्याच्या भोवतीचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. नातवाच्या पाठीवर हवेची टाकी चढली. त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावण्यात आली: पाण्याखाली श्वास रोखायचा नाही. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो. तिथे भरून घेतलेली हवा वर येताना फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. मी मनात म्हटले, मी तर पन्नासाहून अधिक वर्षे श्वास रोखूनच बसलो आहे.

रक्तदाबाची गोळी खाणाऱ्याला टाकी नाही. मला डोळ्यांवर काच, तोंडात नळी आणि सोबतीला होडीवरचा एक पोरगा मिळाला. तोंड पाण्यात घातले मात्र, आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे इतवारीतल्या गर्दीसारखे अंगावर आले! पाण्यात वस्तू तिसऱ्या हिश्शाने मोठ्या दिसतात म्हणे. मला तर भाऊच दिसला. नळीत पाणी शिरले. मी हातपाय झाडले, पायाला काहीतरी टणक लागले आणि त्यावर उभा राहिलो. खाली काहीतरी कटकन मोडले.

"काकानू, थय पाय ठेव नकात! ता खडक नाय, जिवंत आसा," पोरगा ओरडला.

ते पोवळे होते. इवलेइवले जीव एकमेकांना चिकटून चुन्याचे घर बांधतात. त्यांच्या कित्येक जाती वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. त्यांच्या अंगात राहणारे शेवाळ त्यांना पोसते. पाणी फार तापले, की ते शेवाळ निघून जाते, पोवळे पांढरे पडते आणि उपाशी मरते. 2024 साली लक्षद्वीपात असे पुष्कळ पोवळे पांढरे पडले. उन्हाने मारायचे ते मारलेच. त्यात आमच्यासारख्यांच्या पायांची भर! माझा जीव वाचवायला मी दुसऱ्याच्या जिवावर उभा राहिलो होतो, आणि खरे तर मी बुडतही नव्हतो. अंगात तरंगते जाकीट होते.

पोरगा रागावला नाही. त्याने माझा हात धरला नि म्हणाला, "पाय सोडा." मी सोडले. पाण्याने मला धरून ठेवले.

त्या रात्री नातवाला मी त्याच्या थोरल्या आजोबांची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आपण दोघं पोहायला शिकू."

आता रोज सकाळी आम्ही तरणतलावावर जातो. तो मधोमध हात मारतो. मी अजून कठडा सोडत नाही. पण श्वास मात्र रोखत नाही.