दोन वचने पुढे वाचा



सुवार्ता फुकट मिळाली, मग ख्रिस्ती गाणी चोरवाटेने उतरवून घ्यायला हरकत कसली, हा येथे छापलेल्या एका पत्राच्या लेखकाचा युक्तिवाद मत्तयाच्या दहाव्या अध्यायातील आठव्या वचनावर उभा आहे. दोनच वचने पुढे येशू कामकऱ्याच्या अन्नाचा हक्क मान्य करतो. तिथवर वाचायला हवे होते. फुकट देणे देणाऱ्याच्या हाती असते, घेणाऱ्याच्या नव्हे. उदाहरणार्थ, ख्रिस्ती गीते लिहिणारे रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली वारले. त्यांचे शब्द आता सर्वांचे आहेत, खुशाल गावेत. पण त्यांच्या गीतांच्या नव्या ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर ६० वर्षे हक्क राहतो, कारण त्यात गायक, तबलजी, ध्वनिमुद्रक यांची मेहनत असते. ध्वनिमुद्रण कंपन्या गब्बर आहेत, हे खरेच. म्हणून चोरीविषयीची आज्ञा श्रीमंतांपुरती सैल होत नाही. ज्याची ऐपत नाही त्याने उपासनेत गावे; धार्मिक विधीतील गायनाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच सूट आहे.

– एक वाचक