सही मालकाची, भरवसा एजंटाचा

इचलकरंजीचा एखादा यंत्रमागधारक कर्ज काढून परदेशी शटललेस माग मागवतो, तेव्हा मागाची गती, कापडाचा भाव आणि बँकेचे व्याज यांचा हिशेब तो काटेकोरपणे मांडतो. मात्र न्हावा शेवा बंदरात माल उतरला की हाच हिशेबी माणूस सारी कागदपत्रे कस्टम्स एजंटाच्या हवाली करतो आणि दाखवील तेथे सही करून मोकळा होतो. लाखो रुपयांच्या भांडवलाचे भवितव्य अशा न वाचलेल्या सहीवर अवलंबून असावे, हे चिंताजनक होय.

या सवयीचे मूळ परवाना-राज्यात आहे. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याखाली यंत्र आणावयाचे तर परवाना लागे. तसे यंत्र देशात बनत नाही, याचीही खातरजमा करून द्यावी लागे. कोणत्या टेबलावर कोणता कागद अडतो, हे ज्याला ठाऊक तोच त्या काळी तारणहार ठरे. १९९१ नंतर धोरण पालटले आणि १९९२ मध्ये तो कायदाही गेला. एजंट म्हणजे ‘काम करून देणारा’, ही समजूत मात्र कायम राहिली.

वस्तुतः २०११ पासून स्वयं-आकारणीची पद्धत लागू झाली आहे. यंत्र कोणत्या वर्गात मोडते, त्याचे मूल्य किती आणि कोणती सवलत लागू आहे, हे आयातदाराने स्वतः घोषित करावयाचे असते. २०१३ मध्ये ‘कस्टम हाउस एजंट’ हे नाव जाऊन ‘कस्टम्स ब्रोकर’ हे नाव आले. पण नावापेक्षा महत्त्वाचे आहे ते १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे कलम १४७. एजंटाने केलेली कृती, उलट सिद्ध न झाल्यास, मालकाच्या माहितीने व संमतीनेच झाली असे हे कलम गृहीत धरते. ‘मला ठाऊक नव्हते’ एवढ्याने सुटका होत नाही.

चुकांच्या जागाही ठरलेल्या आहेत. विक्रीची अट म्हणून आराखड्याचे शुल्क किंवा स्वामित्वधन निराळे दिले असेल, तर तेही मूल्यात धरावे लागते. जुन्या यंत्राच्या मूल्यासाठी सनदी अभियंत्याचा दाखला लागतो. निर्यातीच्या बोलीवर शुल्कमाफीने यंत्र आणले, तर वाचलेल्या शुल्काच्या सर्वसाधारणपणे सहापट निर्यात सहा वर्षांत करून दाखवावी लागते. कमी भरलेल्या शुल्काची नोटीस दोन वर्षांपर्यंत, आणि लपवाछपवी असल्यास पाच वर्षांपर्यंत येऊ शकते. तोवर एजंटाचे बिल चुकते झालेले असते. व्याज व दंड यांचा बोजा कारखान्यावर पडतो.

विलंबाची किंमतही थोडी नाही. माल अडला की जागेचे भाडे, कंटेनर वेळेत न परतविल्याचा आकार आणि कर्जावरील व्याज ही तिन्ही चक्रे एकदम फिरू लागतात; फिरत नाही ते फक्त यंत्र! २०२१ पासून आयातीचे घोषणापत्र सर्वसाधारणपणे जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल करावे लागते. म्हणजेच एजंटाचा सल्ला माल बंदरात आल्यावर नव्हे, तर मागणी नोंदविण्यापूर्वीच घ्यावयास हवा.

यात सरसकट एजंटांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. परवान्यासाठी त्यांना परीक्षा द्यावी लागते, आणि अशिलाला कायदा पाळण्याचा सल्ला देणे, न पाळल्यास खात्याला कळविणे, हे कर्तव्य २०१८ च्या नियमांनी त्यांच्यावर टाकले आहे. मात्र प्रश्नच विचारला नाही, तर सल्ला मिळणार कोठून?

२०२१ पासून मुंबईत सीमाशुल्कविषयक आगाऊ निर्णय देणारे प्राधिकरण आहे. तीन महिन्यांत निर्णय देण्याचे बंधन त्याच्यावर आहे. तेथवर पोहोचण्याची वाट लहान कारखानदाराला दाखविणे, हे औद्योगिक संघटनांचे काम होय. बँकांनीही यंत्रासाठी कर्ज देताना शुल्काचा वर्ग व सवलतीच्या अटी लेखी मागवाव्यात, आणि सीमाशुल्क खात्याने सोप्या मराठीत मार्गदर्शिका काढावी. भांडवल ज्याचे, जबाबदारी त्याची, हे तत्त्व कायद्याने केव्हाच स्वीकारले आहे. ते पेलण्याचे ज्ञानही त्याच्यापर्यंत पोहोचविल्याखेरीज त्या तत्त्वाला न्याय म्हणता येणार नाही.