जागा सोडणारा गोलरक्षक

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझा पुतण्या नववीत आहे आणि शाळेच्या फुटबॉल संघाचा गोलरक्षक आहे. आमच्या मालेगावात पोरांचा ओढा क्रिकेटकडे. फुटबॉलवाल्यांना मैदान मिळाले तर मिळाले, नाहीतर दिसेल ती मोकळी जागा. तर त्या दिवशी दुसऱ्या एका शाळेशी सामना होता. शेवटची दोन-तीन मिनिटे उरली असताना समोरच्या संघाने लांबून चेंडू टाकला. आमचे चिरंजीव गोल सोडून पुढे धावले, पाऊलभर कमी पडले, आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून रिकाम्या गोलात. सामना गेला.

घरी आल्यावर त्याचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ, एवढेच म्हणाला, "जागा सोडायला कुणी सांगितले होते तुला?" मीही मान डोलावली. वडीलधाऱ्यांना अशा वेळी मान डोलावणे सोपे असते. पोरगा जेवला नाही. रात्री गच्चीवर माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "काका, मी जागेवर उभा राहिलो असतो, तर गोल झाला नसता का?"

मला उत्तर देता येईना. मग मला एक माणूस आठवला. त्याचे नाव होजे फ्रान्सिस्को मोलिना. स्पेनचा गोलरक्षक. उभ्या कारकिर्दीत त्याने हेच केले. जागा सोडली.

गोलरक्षक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? दोन खांबांच्या मध्ये उभा असलेला, चेंडू आला की हवेत झेपावणारा माणूस. छायाचित्रकारांना तो आवडतो. मोलिनाची छायाचित्रे अशी फारशी निघाली नसतील. तो गोलात कमी आणि गोलाच्या पुढे जास्त दिसे. आपले बचावपटू पुढे सरकले की हाही त्यांच्यामागे पुढे सरके. त्यांच्या पाठीमागे पडलेला चेंडू धावत जाऊन पायाने मारून काढी. हातांइतकाच पायांवर विसंबणारा हा गोलरक्षक होता.

यात चमत्कारिकपणा नव्हता, हिशेब होता. फुटबॉलचा गोल २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच असतो. रक्षक रेषेवरच उभा राहिला, तर समोरून येणाऱ्या खेळाडूला त्याच्या दोन्ही अंगांना भरपूर मोकळी जागा दिसते. तोच रक्षक चेंडूच्या दिशेने पुढे गेला की ती जागा आक्रसत जाते. डोळ्यांसमोर हाताचा पंजा धरा आणि हळूहळू जवळ आणा, म्हणजे समजेल. पण त्याची किंमतही आहे. पुढे गेलेल्याच्या पाठीमागे सारा गोल उघडा पडतो. एक पाऊल चुकले की संपले.

१९९२ साली नियम बदलला. आपल्याच गड्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताने धरायचा नाही, असे ठरले. त्याआधी संघ दमला की चेंडू मागे द्यायचा, रक्षकाने तो कवटाळून वेळ काढायचा, ही सर्रास पद्धत होती. १९९०चा विश्वचषक ज्यांनी रात्री जागून दूरदर्शनवर पाहिला, त्यांना तो कंटाळा आठवत असेल. त्यांना कोलंबियाचा हिगिटाही आठवत असेल. तो गोल सोडून बराच पुढे आला, चेंडू पायाने खेळवायला गेला, आणि कॅमेरूनच्या रॉजर मिलाने तो हिसकावून गोल केला. हिगिटाच्या खेळात तमाशाचा थोडा अंश होता. मोलिनाच्या खेळात तो नव्हता. हिगिटा बाहेर येई तेव्हा प्रेक्षक उभे राहत. मोलिना बाहेर येई ते त्याचे रोजचे काम म्हणून.

१९९५ साली तो अत्लेटिको माद्रिद संघात आला. आदल्या मोसमात हा संघ खालच्या श्रेणीत घसरता घसरता वाचला होता. नवे प्रशिक्षक रादोमिर आंतिच यांना बचावफळी पुढे ढकलून खेळायचे होते. अशा खेळात मागे उरणाऱ्या मोकळ्या रानाची राखण करणारा माणूस लागतो. मोलिना तो माणूस ठरला. १९९५-९६च्या मोसमात अत्लेटिकोने लीग आणि राजाचा चषक दोन्ही जिंकले. लीगच्या ४२ सामन्यांत मोलिनावर अवघे ३२ गोल झाले. सर्वांत कमी गोल खाणाऱ्या रक्षकाला स्पेनमध्ये जुन्या काळचा थोर गोलरक्षक रिकार्दो झामोरा याच्या नावाचे पारितोषिक देतात. ते त्या वर्षी मोलिनाला मिळाले. जागा सोडणाऱ्याचा गोल सर्वांत सुरक्षित राहिला, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दुसरी गंमत त्याच वर्षीची. एप्रिल १९९६मध्ये ऑस्लोला स्पेनचा नॉर्वेशी सामना होता. स्पेनचा एक खेळाडू जखमी झाला आणि राखीव मैदानी खेळाडू उरलाच नव्हता. प्रशिक्षक क्लेमेंते यांनी राखीव गोलरक्षक मोलिनाला उतरवले, आणि तेही गोलात नव्हे, तर डाव्या बगलेवर! देशाकडून पहिला सामना, आणि गोलरक्षक मैदानात धावतो आहे. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत हे हसण्यावारी गेले असते. पण मोलिनाच्या पायांवर संघाचा भरवसा होता.

आता पुढची बाजू. जून २०००. युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा, रॉटरडॅम. समोर पुन्हा नॉर्वेच. आता मोलिना स्पेनचा पहिला गोलरक्षक होता. नॉर्वेच्या गोलरक्षकाने लांबून फ्री किक मारली. उंच आलेल्या चेंडूसाठी मोलिना नेहमीसारखा पुढे धावला. त्याच्याआधी नॉर्वेच्या इवर्सनचे डोके चेंडूला लागले. गोल. स्पेन एका गोलने हरला. पुढच्या सामन्यांत मोलिनाऐवजी कानिझारेस गोलात उभा होता. त्याच वर्षी अत्लेटिकोही खालच्या श्रेणीत घसरला.

चार वर्षे पुढे जाऊन अडवलेले चेंडू मोजायला कुणी बसले नाही. न झालेल्या गोलाची नोंद कोण ठेवतो? रॉटरडॅमचा एक गोल मात्र सर्वांना पाठ झाला. रेषेवर उभा राहून गोल खाल्ला, तर लोक म्हणतात, फटकाच जबर होता. पुढे येऊन खाल्ला, तर म्हणतात, हा तिथे गेलाच कशाला? गोल दोन्हीकडे एकच. दोष मात्र एकालाच.

मोलिना तिथे थांबला नाही. तो देपोर्तिवो ला कोरुन्या संघात गेला. मार्च २००२मध्ये या संघाने रेआल माद्रिदला त्यांच्याच मैदानावर, त्यांच्या शताब्दीच्याच दिवशी, राजाच्या चषकाच्या अंतिम सामन्यात हरवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोलिनाला कर्करोगाचे निदान झाले. वय बत्तीस. उपचार घेऊन तो परत आला. आणि एप्रिल २००४मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये, पहिल्या सामन्यात मिलानकडून ४-१ असा मार खाल्लेल्या देपोर्तिवोने परतीच्या सामन्यात मिलानला ४-० हरवले, तेव्हा गोलात मोलिना उभा होता. गोलात म्हणजे अर्थात त्याच्या पद्धतीने, थोडा पुढे.

या माणसाची आणि माझी ओळख मात्र मालेगावातल्या एका बंद पडलेल्या कारखान्यामुळे झाली. २०१६च्या दिवाळीला माझ्या भावाने मोठी उडी घेतली होती. वडिलांच्या वेळेपासून आमच्या मागांवर सुती ग्रे कापड निघे. त्याने ते सोडून पॉलिस्टरचे सूत चढवले. उधारीही केली. दिवाळीला आठ-दहा दिवस होतात न होतात तोच ८ नोव्हेंबरची रात्र आली आणि नोटा रद्द झाल्या. मजुरी द्यायला रोकड नाही, मालाला उठाव नाही. रात्रंदिवस खडखडणारे गाव एकाएकी गप्प झाले. ज्यांचे कान त्या खडखडाटातच वाढले, त्यांना त्या शांततेत झोप येईना. भावाचे निम्मे माग पुढे भंगारात गेले. नातेवाईक एकच म्हणाले, "जागा सोडलीच कशाला?" नोटाबंदीचा दोष कुणी दिला नाही.

त्या डिसेंबरात काम नव्हते, म्हणून आम्ही दोघे संध्याकाळी दूरचित्रवाणीसमोर बसत होतो. १३ डिसेंबरला मुंबईत अंधेरीच्या मैदानावर इंडियन सुपर लीगचा उपांत्य फेरीतला परतीचा सामना होता. मुंबई सिटी विरुद्ध कोलकाता. कोलकात्याचा पहिला सामना ३-२ जिंकून झालेला. आणि त्यांच्या प्रशिक्षकाने काय करावे? जिंकलेल्या संघातले नऊ खेळाडू बदलले! भाऊ म्हणाला, "दादा, हा माणूस वेडा आहे." मध्यंतराआधी त्यांचा एक गडी बाहेरही काढला गेला. तरी सामना ०-० सुटला आणि कोलकाता अंतिम फेरीत गेले. ताजेतवाने राहिलेले मुख्य खेळाडू पाच दिवसांनी कोचीला उतरले आणि केरळविरुद्ध पेनल्टीवर चषक घेऊन आले. तो वेडा प्रशिक्षक म्हणजे मोलिना. पुढे २०२४-२५मध्ये तो मोहन बागानला घेऊन आला आणि लीग शील्ड व चषक, दोन्ही एकाच मोसमात जिंकून गेला.

हे सारे मी त्या रात्री गच्चीवर पोराला सांगितले. भाऊ जिन्यात उभा राहून ऐकत होता, हे मला नंतर कळले. पोराने विचारले, "नॉर्वेच्या त्या गोलनंतर तो मागे सरकला का?"

मी म्हणालो, "नाही. पण एक ध्यानात घे. तो डोळे मिटून धावत नव्हता. कधी निघायचे याचा हिशेब त्याने वर्षानुवर्षे घोटला होता. तुझे निघणे चुकले नाही, तुला निघायला उशीर झाला. त्याचा सराव कर."

वाचकहो, जागा सोडणारा प्रत्येक जण शहाणा असतो, असे मला म्हणायचे नाही. अविचाराने धावणारे पुष्कळ असतात आणि त्यांच्यापायी घरेही बसतात. माझे म्हणणे इतकेच, की चूक झाल्यावर आपण दोन वेगळे प्रश्न विचारायला हवेत. निर्णय चुकला, की तो पार पाडताना पाऊल कमी पडले? की दोन्ही ठीक होते आणि वेळच वाईट आली? आपण हे प्रश्न विचारत नाही. आपण फक्त निकाल पाहतो आणि पोराला रेषेवर नेऊन उभे करतो. मग ते पोर जन्मभर खांबाला टेकून उभे राहते. त्याला कुणी बोल लावत नाही. आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी चेंडू जात राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ पोराला म्हणाला, "चल, मी लांबून चेंडू मारतो. तू कधी निघायचे ते बघ." दोघे मैदानाकडे गेले. नऊ वर्षांपूर्वी त्या दिवाळीनंतर आम्ही कुणी भावाशी असे बोललो असतो, तर बरे झाले असते. मी तेव्हाही मानच डोलावली होती.