पेटी बंद पडली तेव्हा
लग्नाचे फोटो, पोरांचे दाखले, आईचा आवाज, सारे आम्ही घरातल्या दोन डिस्कच्या नेटवर्क पेटीत ठेवलेले. परवा पेटी बंद पडली. दुकानदार म्हणाला, "भाग मिळत नाही, नवी घ्या." शेजारच्या वायरमनने मीटर लावला. अ‍ॅडॉप्टरमधून १२ व्होल्ट येतच नव्हते! मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुसरा मिळाला, पेटी चालू झाली.

बंधू-भगिनींनो, भाग आणायला जाताना जुना सोबत न्या. व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त. पिनेचा आकार व धन-ऋण खूण जुळवून पाहा. पंखा मिलिमीटरमध्ये मोजून घ्या. डिस्क काढण्याआधी त्यांवर १, २ असे क्रमांक टाका. आणि सगळ्याची एक प्रत दुसरीकडे ठेवाच. अ‍ॅडॉप्टर बाजारात मिळतो; आईचा आवाज कुठे मिळणार?